पांढऱ्या ठिपक्याची चाकरी

फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला. तापल्या कढईत साळीच्या लाह्या फुटाव्यात तसा. आधी एक. मग जरा थांबून दोन. मग एकदम मूठभर.

खोलीत अंधार होता आणि आवाज कोपऱ्यातल्या एका खोक्यातून येत होता. मला सांभाळणारा बहिरू दाराशी उभा होता. त्यानं मान पुढं काढून विचारलं, "ताई, त्या खोक्यात कोन बोलतंय?"

"खोक्यात कुणी नाही, भाऊ," माधवीताई म्हणाल्या. "साळू बोलतेय. तिच्या मेंदूतली एक पेशी आहे, एकच. ती बोलली की खोका वाजतो."

बहिरूनं एकदा खोक्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "आमी आपलं मुकं जनावर म्हनतो," तो म्हणाला, "आन आतून येवढी बडबड."

मित्रांनो, ती साळू म्हणजे मी. आता मी म्हातारी माकडीण झाले आहे. भुवयांचे केस पांढरे झालेत, खालचे दोन दात पडलेत आणि उजव्या हाताचं मधलं बोट पावसाळ्यात वाकत नाही. वहीत माझं नाव सतरा नंबर. साळू हे नाव बहिरूनं ठेवलं. कुणीतरी त्याला विचारलं, नाव कशाला ठेवतोस? तर म्हणाला, "नंबरानं हाक माराया ती काय एष्टी हाय?"

तुम्ही लोणावळ्याला आला असाल तर घाटाच्या कठड्यावर माझ्यासारखी माकडं बघितली असतील. तुमच्या हातातलं कणीस पळवणारी. ती माझी भावकी. पण मी कधी कठड्यावर बसले नाही. कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगर जिथं उतरू लागतो तिथं एक लांबट, बैठी प्रयोगशाळा आहे. तिच्या मागच्या जाळीत माझा जन्म झाला. पत्र्यावर रानातली माकडं धडधडत गेली की आई मान वर करायची आणि मी आईकडं बघायची. ती काय बघते ते मला कळायचं नाही. वर नुसता पत्रा होता.

चार वर्षांची झाले आणि मला कामाला घेतलं.

काम सांगते. एक खुर्ची होती. खुर्ची म्हणजे खाली पेटी आणि वर गळ्याभोवती बसणारी एक पाटी. डोकं तेवढं पाटीच्या वर, बाकी सगळी मी खाली. डोकं हलू नये म्हणून कवटीला धातूची बारीक खुंटी बसवली होती. ती बसवताना मला झोपवलं होतं. जाग आली तेव्हा डोकं जड झालं होतं आणि बहिरू जाळीबाहेर उकिडवा बसला होता. दिवस मावळेपर्यंत तो उठला नाही.

समोर काळा पडदा. पडद्यावर पांढरा ठिपका. त्याच्याकडं बघत राहायचं. तो विझून दुसरीकडं उमटला की डोळे उचलून तिकडं टाकायचे. नीट टाकले की तोंडाशी असलेल्या नळीतून रसाचा एक थेंब यायचा. चुकलं की काही नाही.

एवढंच. ऐकायला सोपं आहे. पण दिवसाला हजार-दीड हजार वेळा, आठवड्याचे सहा दिवस, अकरा वर्षं. बैलाला निदान नांगराच्या तासाच्या शेवटी बांध दिसतो. माझ्या पडद्याला बांध नव्हता.

आता तुम्ही विचाराल, एका थेंबासाठी एवढे कष्ट कोण करतं? ज्याला तहान लागली आहे तो करतो. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी मला पाणी मिळत नसे. दिवसाचं पाणी थेंबाथेंबानं कामातून मिळवायचं आणि कमी पडलं तर उरलेलं संध्याकाळी मापाच्या भांड्यातून. कुणाला जिवावर बेतेल इतकं तहानेलं ठेवायचं नाही असा नियम होता आणि तो पाळला जायचा. ते खोटं सांगणार नाही. पण सकाळची तहान ही सकाळची तहान असते.

हे प्रयोग चालवणाऱ्या माधवीताई वडगावच्या. स्वभावानं मऊ. माझ्या कानामागं खाजवल्याशिवाय त्यांनी कधी दिवा मालवला नाही. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्या बहिरूला समजावून सांगायच्या आणि मी ऐकायची. एकदा त्यांनी पर्समधला लहान आरसा काढून त्याच्या हातात दिला.

"भाऊ, आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडं बघा. बघितलं? आता उजव्या डोळ्याकडं. डोळा हलताना दिसला का?"

"न्हाई."

"पुन्हा करा."

"न्हाई ओ. जाग्यावरच हाय."

"आता माझ्या डोळ्यांकडं बघा. मी तेच करते."

"तुमचा हालला की. टुनदिशी."

"तुमचाही हलला. फक्त तुम्हाला तो दिसला नाही. डोळा सेकंदाला तीन-तीन उड्या मारतो. मोबाईल असा झटके देत फिरवून व्हिडिओ काढला तर बघणाऱ्याला चक्कर येईल. मग डोळा दिवसभर उडत असतो तरी आपल्याला जग कसं हलत नाही? त्याला आतून धरून कोण ठेवतं? मला तेवढंच शोधायचंय."

बहिरू आरसा परत देताना म्हणाला, "आन ते हिच्या डोक्यात सापडंल व्हय?"

"तिच्या आणि आपल्या डोक्यात या बाबतीत फार फरक नाही."

"मंग तुमच्याच डोक्यात का न्हाई बघत?"

माधवीताई हसल्या. आणि त्यांनी आरसा पर्समध्ये टाकला.

मित्रांनो, आरशाची ती गंमत तुम्हीही घरी करून बघा. तुम्ही कितीही वेळा बघा, तुमचा डोळा तुम्हाला हलताना दिसणार नाही.

केसाहून बारीक तार माझ्या मेंदूच्या बघणाऱ्या भागात उतरवली जायची. मेंदूला स्वतःला टोचल्याचं कळत नाही. हे मी अनुभवानं सांगते. तार एखाद्या पेशीजवळ पोचली की खोका वाजू लागायचा. त्या एकेका पेशीला जगाचा एवढासा तुकडा नेमून दिलेला असतो, हात लांब करून धरलेल्या नखाएवढा. त्या तुकड्यात काही उमटलं तर ती बोलते. बाकी जग जळो की पिको, तिला देणंघेणं नाही. आणि डोळा फिरला की तो तुकडाही डोळ्याबरोबर फिरतो.

डोळ्यानं उडी घेतली की त्या क्षणापुरत्या पुष्कळ पेशी आवाज खाली आणायच्या. उडीतला फराटा कुणालाच बघायचा नसतो. पण एक दिवस माधवीताईंना वेगळी पेशी सापडली. डोळा अजून जागचा हललेला नाही, नुसता निघायच्या बेतात आहे, आणि ही आधीच बोलायला लागली. तेही आता समोर आहे त्या तुकड्याचं नाही, डोळा जिथं जाऊन पडणार आहे तिथलं.

माधवीताईंनी तेच दहा वेळा करून बघितलं. मग खुर्ची मागं सारून म्हणाल्या, "भाऊ, हिला आधीच कळतंय. डोळा कुठं जाणार ते हिला आधी कळतंय."

बहिरू फडक्यानं नळी पुसत होता. "त्यात काय येवढं," तो म्हणाला. "तास सरत आलं की बैल वळाया आधीच अंग घेतो. कासरा वढावा लागत न्हाई. रोजचं वळान, त्याच्या अंगात बसल्यालं असतंय."

"पुन्हा सांगा," माधवीताई म्हणाल्या आणि त्यांनी वही ओढली.

ते वाक्य पुढं पुण्याच्या एका मोठ्या सभागृहात वाचलं गेलं म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर माझा फोटोही दाखवला. बहिरूनं तो मोबाईलमध्ये आणून मला जाळीतून दाखवला. "बग, तुजा फोटू. थोबाड काय दिसंना, खुंटी तेवढी चकाकतीया."

माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढं. मी ते नाकारत नाही. जग हलत का नाही हे कळायला माझा थोडा उपयोग झाला, हे ऐकायला बरं वाटतं. पण कौतुकाच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी पाणी नव्हतं आणि पडद्यावर ठिपका होता.

वर्षं गेली. गळ्याच्या पाटीनं मानेवरचे केस झिजले आणि कातडी निबर झाली, बैलाच्या खांद्यावर घट्टा पडतो तशी. शेजारच्या जाळ्यांत नवी, तरणी माकडं आली. मी एकाच गोष्टीत मुरत गेले. ठिपका विझायच्या आधीच मला त्याची पुढची जागा ठाऊक असायची. आणि मित्रांनो, खरं सांगते, ज्याला पुढचं सगळं ठाऊक असतं तो लवकर थकतो.

इथं एका माणसाबद्दल सांगायला हवं. मी तरणी होते तेव्हा हनुमंत नावाचा आणखी एक सांभाळणारा होता. त्यानं एका माकडाला कामाच्या आधी केळं दिलं. माकड खुर्चीत बसून पेंगलं आणि चौकशी झाली. त्याच संध्याकाळी हनुमंतचा गेटपास काढून घेतला. तो फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभा होता, आणि बहिरू जाळी धुता धुता थांबून त्याच्याकडं बघत होता. त्यानंतर बहिरूनं कधी कामाच्या आधी मला शेंगदाणासुद्धा दिला नाही. या कामावर त्याचं घर होतं आणि रंजनाचं, म्हणजे त्याच्या लेकीचं, नर्सिंगचं शिक्षण होतं.

मग यंदाचा भाद्रपद आला.

आमच्या मावळात पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदाच्या अमावस्येला असतो. तेव्हा खाचरातला भात पोटरीला आलेला, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असतो आणि बैलांची कामं सरलेली असतात. बहिरूच्या वाडीत मात्र आता बैलच राहिले नाहीत. चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. त्याचा स्वतःचा शेवटचा बैल तीन वर्षांपूर्वी गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं माधवीताईंना विचारलं, "ताई, उंद्या पोळा. साळूला सुट्टी द्या की."

"भाऊ, साळू काय बैल आहे का?"

"राबती तर हाय."

"परवा देऊ. आज फार चांगली पेशी सापडलीय, आणि तार उद्यापर्यंत तिथं टिकली तर नशीब. उद्याचा दिवस मला हवाच. काम संपायला दोन महिने राहिलेत, भाऊ."

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो माझ्या जाळीशी येऊन बसला. त्याच्या हातात पळसाचं पान होतं आणि पानात तूप-हळद.

"सावित्रा म्हनली, बैल न्हाई, तर पोळ्या कुनासाठी लाटू?" तो मला सांगू लागला. सावित्राबाई म्हणजे त्याची बायको. "म्या म्हनलं, लाट. राबनारं जनावर हाय. म्हनली, कुटं? म्हनलं, कामावर." तो स्वतःशीच हसला. "म्हनली, येडं झालंय म्हातारं. पर डाळ भिजत घातली."

मग त्यानं जाळीतून हात घातला आणि माझ्या मानेवर, जिथं पाटी घासून केस गेले होते तिथं, तूप-हळद चोळली. याला खांदेमळणी म्हणतात. जुवाखालचा खांदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी असा चोळायचा. चोळता चोळता तो हळू आवाजात म्हणत होता,

तुझ्या मानेवरी पिकलं शिवार
आज न्हाई भार माज्या राजा

राजा म्हणताना तो जरा अडखळला. मी राजा नव्हते. पण ओवी बैलाची होती, ती त्यानं बदलली नाही. शेवटी बैलाला म्हणतात तेच मला म्हणाला, "आज आवतन घ्या, उंद्याला जेवाया या."

घ्या म्हणाला. या म्हणाला. मला अहोजाहो कुणी केलं नव्हतं. मला जेवायला कुणी बोलावलंही नव्हतं. मी त्याचा अंगठा धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, तो आला. फडक्यात दोन पुरणपोळ्या आणि पितळेच्या तांब्यात पाणी. पोळी मी हळू खाल्ली. पाणी मात्र एका दमात प्यायले. तांब्या रिकामा झाला तसा त्यानं पुन्हा भरून आणला. कामाच्या दिवशी सकाळी पोटात पाणी असणं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. उन्हातून आल्यावर कुणी बस म्हणावं, तसं.

मग खुर्ची. पाटी. काळा पडदा. ठिपका.

मी ठिपक्याकडं बघितलं. तोही माझ्याकडं बघत असल्यासारखा. तो विझला, उजवीकडं उमटला. आणि माझ्या मनात आलं, कशाला? दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ येत होती, मी ती बघितली. माधवीताईंच्या चपलेचा अंगठा बघितला. मधेच सवयीनं डोळे ठिपक्यावर गेले आणि रसाचा थेंब तोंडात आला, तो ओठातून ओघळू दिला. खोका भलत्याच वेळी वाजायचा आणि हव्या त्या वेळी गप्प राहायचा.

अकराच्या सुमाराला माधवीताईंनी दिवा लावला. "काय झालं गं आज तुला?" माझी मान बघून त्यांनी विचारलं, "भाऊ, हे पिवळं काय?"

"खाजवत व्हती. हळद लावली."

"बरं केलंत."

बहिरूच्या मनात तो एकच दिवस होता. पण दुसऱ्या सकाळी तो रिकाम्या हातानं आला आणि मी जाळी धरून त्या हातांकडं बघत राहिले. मी ओरडले नाही. नुसती बघत राहिले. तो बराच वेळ झाडू मारत होता, मारलेल्या जागेवरच मारत होता. मग आत गेला आणि तांब्या घेऊन आला. "आजच्या दिवस," म्हणाला.

तिसऱ्या दिवशीही "आजच्या दिवस" म्हणाला.

रोज माझं वजन करून वहीत लिहायचं कामही त्याच्याकडंच. वजन वाढलेलं असायचं. तो पोळ्याआधीचाच आकडा लिहीत गेला. संध्याकाळचं मापाचं पाणी मी पीत नसे, ते तो कढीपत्त्याच्या झाडाला घालायचा आणि वहीत 'प्याली' म्हणून लिहायचा. असे बारा दिवस गेले.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, मित्रांनो, कारण दुसऱ्या कुणाला मला सांगता येत नाही. ठिपका मला दिसत होता. प्रत्येक वेळी दिसत होता. तहान नसली तरी डोळे उचलून टाकणं माझ्या हातात होतं. एवढ्या वर्षांचं वळण, ते काय जातं? पण मी थकले होते. आत कुठंतरी बसलेलं थकणं पाणी प्यायल्यावर वर आलं आणि मग ते खाली जाईना.

माधवीताईंना वाटलं, माझ्या मेंदूत काहीतरी बिघडलं. त्यांनी सोपान डॉक्टरांना बोलावलं. हे जनावरांचे डॉक्टर, सोमाटण्याहून मोटरसायकलवर येतात. त्यांनी बॅटरीच्या उजेडात माझे डोळे बघितले, खुंटीच्या मुळाशी बोट लावून बघितलं. पुढ्यात मनुका धरल्या. त्या दिवशी बहिरूनं सकाळी भाकरीही दिली होती. मी मनुका घेतल्या नाहीत.

"नजर धरत नाही. रस टाकून देते. खाण्यावरची वासना गेली," डॉक्टर म्हणाले. "आणि खुंटीशी ही लाली बघा. जंतू आत उतरले असले तर अवघड आहे."

"पुण्याला नेऊन मेंदूचा फोटो काढता येईल?" माधवीताईंनी विचारलं.

"डोक्यात धातू आहे. त्या यंत्रात नेता येत नाही."

"मग पुन्हा एकदा खुर्चीत बसवून बघूया का? मीच काही चुकत असेन."

"बसवायचं तर तहानेली ठेवावी लागेल. आजारी जनावराला तहानेलं ठेवता येत नाही, नियम आहे. काम बंद. आठ दिवस औषध, पाणी मोकळं." मग ते बहिरूकडं वळले. "बाबा, हिच्या खाण्यापिण्यात काही बदल? पाण्यात? नीट आठवून सांग. एक जरी गोष्ट निघाली तरी हे कोडं सुटेल. काहीच बदललेलं नसलं तर मग बिघाड आतच आहे."

बहिरू टोपी हातात घेऊन उभा होता. फाटक त्या खिडकीतून दिसतं. त्यानं तिकडं बघितलं.

"न्हाई जी," तो म्हणाला. "समदं रोजच्यावानी."

आठ दिवस औषध झालं. खुंटीशी असलेली ती लाली जुनीच आहे, खुंटी खुर्चीला अडकवता-सोडवता घासून झालेली. ती औषधानं कशी जाणार? आणि काम नाही म्हटल्यावर मी दिवसभर पडून असायची. डॉक्टरांना ते दुखणं वाटलं. पाणी आता सगळ्यांच्या देखत मिळत होतं. बहिरूला बोलून दाखवायला काही कारण उरलं नव्हतं आणि त्यानं बोलल्यावाचून खरं कळायला दुसरी वाटही उरली नव्हती. तो रोज यायचा, जाळी धुवायचा, माझ्याकडं पाठ करून बसायचा.

काल माधवीताईंनी कागद भरला. मी त्यांना लिहिताना बघत होते. त्यांचा हात थांबत होता. जनावराला त्रास होत असेल तर तो लांबवायचा नाही, असा नियम आहे. चांगलाच नियम आहे. या घरात मला कुणी वाईट वागवलेलं नाही, मित्रांनो. सगळ्यांनी मायाच केली. बहिरूनं मायेनं पाणी पाजलं. माधवीताईंना मायेपोटी माझे हाल बघवेनात. आणि दोघांच्या मधे एक गोष्ट न बोललेली पडून राहिली, तिच्यापायी आज डॉक्टर सुई घेऊन येणार आहेत.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल. कुणी माधवीताईंसारखे शोध लावाल, कुणी डॉक्टर व्हाल. आमच्यासारखी जनावरं तुमच्या हाताखाली येतील. आम्हाला वेळेवर खायला-प्यायला द्या, थकलेल्याला थांबू द्या, हे तर सांगतेच. पण त्याहून एक वेगळं सांगते. आम्हाला सांभाळणारा जो माणूस असतो, झाडू मारणारा, पाणी देणारा, त्याला तुमच्यापाशी चूक कबूल करायची भीती वाटू देऊ नका. आमच्या पोटातलं त्यालाच ठाऊक असतं. तो गप्प बसला की आम्ही दुसऱ्यांदा मुके होतो.

पावलं वाजतायत. आले.

डॉक्टरांनी पेटी उघडून टेबलावर ठेवली आहे. माधवीताई आज माझ्या कानामागं खाजवत नाहीत. नुसता हात ठेवून उभ्या आहेत. त्यांचा हात गार आहे. बहिरू दाराशी आहे, आत येत नाही.

"कागदावर सांभाळणाऱ्याची सही राहिलीय," डॉक्टर म्हणतात. "हा रकाना. 'आहार, पाणी यांत बदल नाही.' इथं."

बहिरू येतो. पेन घेतो. वाकतो आणि तसाच वाकून राहतो.

"भाऊ," माधवीताई म्हणतात, "सही नंतर करा. आधी तुम्ही तिला धरता का? तुमच्या हातात ती शांत असते. शेवटी तिला अनोळखी हात नकोत."

"धरतो," बहिरू म्हणतो.

तो मला उचलून घेतो. एवढ्या वर्षांत त्यानं मला किती वेळा उचललं असेल. त्याच्या सदऱ्याला साबणाचा आणि चुलीच्या धुराचा वास आहे. मी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकते. डॉक्टर सुईत औषध भरतात, उजेडात धरून बघतात आणि माझ्या मांडीवरचे केस बोटांनी बाजूला करतात.

बहिरू एक पाऊल मागं सरतो.

"धर नीट," डॉक्टर म्हणतात.

तो आणखी एक पाऊल मागं जातो. त्याची पाठ भिंतीला लागते.

"बाबा, असं करू नकोस. तिला त्रास होतोय."

"न्हाई व्हत." त्याचा आवाज मला त्याच्या छातीतून ऐकू येतो. तो दोघांकडंही बघत नाही, खालच्या फरशीकडं बघत बोलतो. "सुई ठिवा खाली, डाक्टर. ताई, माजा गेटपास घ्या काढून, न्हाई म्हनत न्हाई. पर हिच्या डोक्यात काय बी बिगडल्यालं न्हाई. तिला तान नव्हती, येवढंच. पोळ्यापासनं रोज सकाळच्याला मीच तिला पोटभर पानी पाजत व्हतो."